आधी उठायचं कोणी?

विस्तार अधिकारी तातेराव यांना मिटिंगमध्ये मान डोलवायची सवय होती. ती होकाराची मान नव्हती. साहेब बोलताहेत आणि आपण जागे आहोत, एवढंच तिचं म्हणणं असायचं. पण घनसावंगीच्या पंचायत समितीत त्या शनिवारी गटविकास अधिकाऱ्यांनी विचारलं, "जपान सरकारचा एक अधिकारी पाच दिवस आपल्या ऑफिसात बसून कामकाज पाहणार आहे. त्याला कोण सांभाळतं?" तेव्हा बाकीचा सगळा स्टाफ पंख्याकडे बघत होता आणि तातेरावांची मान आपली चालूच होती. "शाब्बास!" साहेब म्हणाले, आणि सोमवारपासून स्वतः रजेवर गेले.

एखाद्या शहाण्या माणसानं हे संकट ऑफिसातच ठेवलं असतं. तातेरावांनी ते रिकाम्या डब्याबरोबर घरी नेलं. घर बोरजळीला, गोदावरीच्या अंगाला. रोज संपतच्या जीपनं अपडाऊन. संध्याकाळी चहा पिता पिता ते सहज बोलून गेले, "सोमवारपासून जपानचा पाहुणा हाय आमच्या ऑफिसात."

त्यांच्या आईनं, चांगुणाबाईंनी, हातातली बशी खाली ठेवली.

"जपान म्हंजी आपल्या बुद्धाला मानणारे लोक ना रं?"

"व्हय, लई लोक मानतेत."

"मंग झालं तर. शुक्रवारी विहारात नव्या फरशीचा कार्यक्रम हाय. त्याच्याच हातानं मेणबत्ती लावू. आणशील ना?"

आता इथं आई बोलत होती आणि तातेराव जागे होते. मान डोलली.

"बघा हं," त्यांची बायको सत्यशीला चुलीपासून म्हणाली. ती गावच्या शाळेत शिक्षिका होती आणि नवऱ्याची मान तिला पंधरा-वीस वर्षांपासून पाठ होती. पण तोवर चांगुणाबाई चपला घालून गल्लीत गेल्याही होत्या. अंधार पडायच्या आत अख्ख्या वस्तीला कळलं की विहारात जपानचा पाहुणा येणार.

चांगुणाबाईंना ही गोष्ट एवढी मोठी वाटायला कारण होतं. गेल्या वर्षी पलीकडच्या गल्लीतल्या उषाबाईंनी नातवाच्या बारशाला चक्क तहसीलदार आणला होता. तहसीलदार आले, उभ्या उभ्या पेढा खाल्ला, उभ्या उभ्याच बाळ बघितलं आणि निघून गेले. दोन सतरंज्या अंथरल्या होत्या, त्यांच्यावर टेकलेसुद्धा नाहीत. "अवो, सरकारचा माणूस कुठं बसतो का?" असं उषाबाई त्यावर म्हणायच्या, आणि वर्षभर म्हणत होत्या.

चांगुणाबाईंचा सरकारी माणसांशी संबंध त्याहून जुना. दुष्काळी कामावर त्यांनी खडी फोडली होती. मुकादम, हजेरी कारकून, ओव्हरशिअर, कोणीही लांबून येताना दिसला की कंबर धरून उठून उभं राहायचं, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. तातेरावांना नोकरी लागली आणि ते इस्त्रीच्या पँट-शर्टात पहिल्यांदा दारात आले, तेव्हासुद्धा त्या सवयीनं उठल्या होत्या. मग "मेले माझे गुडघे!" म्हणत खाली बसल्या आणि बराच वेळ हसत राहिल्या.

सोमवारी जालन्याच्या गाडीतून पाहुणा उतरला आणि दाराच्या चौकटीला डोकं आपटून आत आला. उंच, लालगोरा, सोनेरी भुवयांचा. आत येताच त्यानं कमरेत वाकून तातेरावांना नमस्कार केला, मग तसाच शिपाई मच्छिंद्रला केला, आणि दोन्ही हातांत धरून आपलं कार्ड पुढं केलं. शिपायापुढं साहेबानं वाकायची त्या इमारतीतली ही पहिलीच वेळ. मच्छिंद्र दोन पावलं मागं सरकला आणि माठावर बसला. माठ गेला.

"साहेब," मच्छिंद्र ओल्या पँटीनं तातेरावांच्या कानाशी लागला, "ह्यो तर इंग्रज दिसून राह्यला. जपानचा कधी येनार?"

पाहुण्याला सोडायला आलेल्या जालन्याच्या साहेबांनी उलगडा केला. गॉर्डन व्हीलर हा अमेरिकेचा. तिथल्या सरकारच्या पाणी खात्यात नोकरीला. त्याच्या सरकारनं त्याला दोन वर्षं जपानला धाडलं होतं, जपानी सरकारी कचेरीत त्यांच्यातलाच एक होऊन काम करायला. त्या कचेरीनं इकडचे पाझर तलाव आणि त्यांचा कारभार पाहायला दोघांना पाठवलं, एक जपानी साहेब आणि एक हा. जपानी साहेबांनी वाटेत बर्फ घालून उसाचा रस घेतला आणि ते औरंगाबादला पोट धरून पडले. राहिला हा.

"म्हंजी डेप्युटेशन," मच्छिंद्र म्हणाला.

"बराबर."

"मूळ खातं अमेरिका?"

"हो."

"मंग सर्व्हिस बुक तिकडंच असंल," असं म्हणून तो माठाच्या खापऱ्या गोळा करायला लागला. सरकारी माणसाला कुठलीही गोष्ट डेप्युटेशन म्हणून सांगितली की पुढचं काही सांगावं लागत नाही.

तातेरावांना मात्र घाम फुटला होता. आई वस्तीभर जपान सांगून बसली होती आणि हातात अमेरिका आली होती. घरी सांगावं तर आईचा चेहरा कसा बघायचा? शेवटी रात्री त्यांनी घराशेजारच्या कडूबाला विचारलं. कडूबा निवृत्त पोस्टमन. जन्मभर लोकांची पत्रं वाटल्यामुळे जगातल्या कुठल्याही प्रश्नावर आपलं मत लागतं, अशी त्याची समजूत होती.

"तुमी उगाच घाबरून राह्यलात," कडूबा म्हणाला. "पाठवला कोणी? जपाननं. खुर्ची कोणाची? जपानची. मंग जपानचाच झाला. आपले कलेक्टर कुठं जालन्याचे अस्तेत? कोणी बिहारचा, कोणी मद्रासचा. तरी आपण म्हणतोच ना, जालन्याचे कलेक्टर?"

युक्तिवाद बिनतोड होता. पण तो आईपुढं म्हणायची तातेरावांची छाती झाली नाही. त्यांनी ठरवलं, शुक्रवारचं शुक्रवारी बघू.

खरं संकट मात्र वेगळंच होतं, आणि ते सोमवारी संध्याकाळीच सुरू झालं होतं. ऑफिसची सुटायची वेळ कागदावर पावणेसहा. पण अपडाऊनवाल्यांची खरी वेळ म्हणजे संपतची जीप. ती पाचला भरली की ऑफिस सुटलं. पहिल्या दिवशी पाच वाजले. तातेरावांनी पाहुण्याकडं बघितलं. पाहुणा समोरच्या टेबलावर कागद वाचत होता. पंगतीत पाहुण्याच्या आधी यजमान उठत नाही, हे तातेरावांना लहानपणापासून माहीत. "चला" म्हणावं, तर ते पाहुण्याला हाकलल्यासारखं. त्यातून तातेरावांचं इंग्रजी कागदावर झकास असलं, तरी तोंडातून "येस सर"च्या पलीकडं येत नसे. तेव्हा तातेराव बसून राहिले. पाहुण्यानं मान वर करून त्यांच्याकडं बघितलं, ते बसलेत हे पाहिलं, आणि दुसरा कागद काढला.

संपतनं हॉर्न दिला. मग पुन्हा दिला. मग गेला.

तातेरावांनी इशारे सुरू केले. खोकले. घड्याळाला किल्ली दिली. खिडकी लावली. पंखा बंद केला. पंखा बंद झालेला पाहून पाहुण्यानं आदरानं मान लववली आणि बाह्या वर सारून जोमानं वाचायला घेतलं. आता समोरचा माणूस एवढा राबतोय म्हटल्यावर यजमानानं नुसतं भिंतीकडं बघत बसणं बरं दिसेना. म्हणून तातेरावांनी कपाटातून जी हाताला लागली ती फाइल काढली आणि वाचायचं सोंग घेतलं. आणि सोंगाचा दोष असा असतो, की फाइल उघडी ठेवून माणूस फार वेळ बसला तर ती खरोखरच वाचली जाते. फाइल विहिरीच्या एका प्रकरणाची होती. एका सहीवाचून ते अडलं होतं, आणि सही तातेरावांचीच होती. त्यांनी ती केली.

अंधार पडला तेव्हा दोघंही बसलेलेच होते. शेवटी वीज गेली, म्हणून दोघं एकदमच उठले. पाहुणा विश्रामगृहावर गेला आणि तातेराव उसाच्या ट्रॅक्टरवर बसून घरी.

"एवढा उशीर?" सत्यशीलानं विचारलं.

"पाहुणा लई कामाचा माणूस हाय," तातेराव मुंडासं सोडल्यासारखा गळ्यातला रुमाल सोडत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तेच. त्या दिवशी वीजही गेली नाही. मच्छिंद्रला साहेब उठल्याशिवाय कुलूप लावता येईना, म्हणून तो दारात. मच्छिंद्र आहे म्हणून चहावाला आहे. चहावाला आहे म्हणून चौकातली चार माणसं बाकड्यावर. त्या चार माणसांतल्या कारभारी नावाच्या शेतकऱ्यानं आत डोकावून बघितलं, आणि त्याचा डोळ्यांवर विश्वास बसेना. दिवेलागण झालेली, आणि तातेराव साहेब खुर्चीत!

"येऊ का साहेब? ऑफिस उघडं दिसलं म्हणून आल्तो. माझ्या विहिरीचं काय झालं?"

"कालच सही झाली," तातेराव म्हणाले. दोन वर्षं कारभारीनं हेलपाटे घातले होते आणि नाही ऐकायची त्याला इतकी सवय झाली होती, की तो "बरं, पुढल्या महिन्यात येतो" म्हणून चालायला लागला. पायऱ्या उतरल्यावर त्याला आपण काय ऐकलं ते कळलं. मग तो परत आत आला, तातेरावांचे हात धरले, पाहुण्याचे धरले, मच्छिंद्रचेही धरले.

झालं! घनसावंगीत गोष्ट पसरायला पेपर लागत नाही. बुधवारी पाच वाजले तेव्हा ऑफिस सुटायच्या ऐवजी भरायला लागलं. कोणाचं घरकुल, कोणाचा हातपंप, कोणाचा नुसताच दाखला. ही गर्दी पाहुण्यादेखत परत कशी पाठवायची? एकटे तातेराव पुरेनात म्हणून बाकीचा स्टाफही अडकला. गुरुवारी बाहेर भेळेची गाडी लागली. पाहुणा अधूनमधून मान वर करी, तातेराव अजून कामात आहेत हे बघी, आणि थक्क होऊन पुन्हा मान खाली घाली. इकडं तातेराव मनातल्या मनात म्हणत, "ऊठ रे बाबा! तुझ्या पाया पडतो, ऊठ!"

शुक्रवारी सकाळी रजेवरून गटविकास अधिकाऱ्यांचा फोन आला. "तातेराव, तुम्ही काय करून राह्यलात तिथं? मला जालन्याहून फोन आल्ता. चार दिवसांत एवढी प्रकरणं कशी निघाली, विचारतेत. आता म्हणतेत, दर महिन्याला असंच पाहिजे. तुम्हाला पाहुणा सांभाळायला सांगितल्तं, तालुका सांभाळायला न्हाई!"

तातेरावांनी फोनवरच मान डोलवली. त्यांचं लक्ष भलतीकडंच होतं. सकाळी निघताना आईनं नवं पांढरं लुगडं काढून ठेवलेलं त्यांनी बघितलं होतं. "दिवे लागायच्या आत आन त्याला," ती म्हणाली होती. "मी उषाबाईला सम्दं सांगून ठेवलंय. माझा शबुद जाऊ देऊ नको, लेका." पाहुण्यालाही कार्यक्रमाचं सोमवारीच सांगितलं होतं, जालन्याच्या साहेबांकरवी. तो आनंदानं तयार होता.

पाच वाजले. लोकांना तातेरावांनी हात जोडून लौकर वाटेला लावलं होतं. पाहुण्यानं आपली बॅग भरून मांडीवर घेतली होती. तातेरावांनी डबा भरून मांडीवर घेतला होता. दोघं समोरासमोर बसले होते, एकमेकांकडं बघून गोड हसत होते आणि कोणीही उठत नव्हतं. बाहेर आज पाहुण्यासाठी थांबलेली संपतची जीप गच्च भरून उभी होती. हॉर्न वाजत होता. साडेपाच झाले. पाहुण्याला बहुतेक आणखी काम असेल, असं वाटून तातेरावांनी रडवेल्या चेहऱ्यानं डबा खाली ठेवला आणि फाइल उघडली. ते बघून पाहुण्याचाही चेहरा पडला. त्यानं बॅग खाली ठेवली आणि कागद काढला.

तेवढ्यात जीपमधून उतरून सत्यशीला आत आली. शाळेच्या कामाला ती घनसावंगीला आली होती आणि ह्याच जीपमध्ये मघापासून तिसऱ्या ओळीत घामाघूम होऊन बसली होती. तिनं दोघांकडं बघितलं. वर्गात दोन पोरं एकमेकांकडं बघत बसली की काय करायचं, हे तिला पक्कं माहीत होतं.

"उठा," ती म्हणाली.

दोघंही ताडकन उठले. पाहुण्याला मराठीचा गंध नव्हता, पण तो तातेरावांच्याही आधी उठला.

जीपमध्ये पाहुण्याला पुढं बसवलं आणि सत्यशीलानं मागून इंग्रजीत त्याची उलटतपासणी घेतली. घरातलं बोलायचं इंग्रजी तिच्याकडंच होतं. पाहुणा जे सांगत गेला ते ऐकून ती पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"काय झालं?" तातेराव घाबरून म्हणाले.

"अवो, जपानच्या ऑफिसात पहिल्या दिवशी हे पाचला उठून घरी गेल्ते. अमेरिकेच्या सवयीनं. तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात कोणी धड बोलेना. मंग कोणीतरी समजावून सांगितलं की हितं वरचा माणूस उठल्याबिगर खालच्यानं उठायचं नसतं. तवापासून ते साहेबाच्या आधी कधीच उठले न्हाईत."

"मंग?"

"मंग काय! हितं त्यांचे साहेब तुम्ही. तुम्ही कधी उठताव म्हणून पाच दिवस वाट बघून राह्यलेत. म्हणतेत, जपानमध्येसुद्धा इतका कामसू साहेब मी पाहिला न्हाई."

सगळी जीप हसली. संपतनं हसता हसता एक खड्डा चुकवायचा सोडला. तातेरावांची मानखंडना झाली होती खरी, पण "कामसू साहेब" हे शब्द सात गावच्या प्रवाशांदेखत उच्चारले गेले होते, तेव्हा त्यांनी ती मनावर घेतली नाही.

बोरजळीत पोचले तेव्हा उजेड नावाला उरला होता. विहार माणसांनी भरला होता. पांढऱ्या लुगड्यातल्या चांगुणाबाई पुढच्याच रांगेत, आणि शेजारी मुद्दाम बसवलेल्या उषाबाई. पाहुणा जीपमधून उतरला, आणि कुजबुज सुरू झाली.

"हा तर गोरा हाय!"

"जपानचा न्हाई वाटत, चांगुणाबाई," उषाबाई मोठ्यानं म्हणाल्या.

चांगुणाबाईंनी लेकाकडं बघितलं. तातेरावांना कडूबाचा कलेक्टर आठवत होता, पण हलली ती फक्त मान. आईचा चेहरा उतरायला लागलेला त्यांना दिसला आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पाहुणा मात्र दारातच थांबला होता. तिथं चपलांचा ढीग पडला होता. त्यानं बूट काढले, मग उकिडवा बसला आणि आपल्या बुटांबरोबर इतरांच्या चपलाही एकेक उचलून, जोड जुळवून, बाहेर तोंड करून रांगेत लावायला लागला. बाया, बापे, पोरं, सगळ्यांच्या. शेणानं भरलेल्या, अंगठा तुटलेल्या, टायरच्या. कोणी त्याला सांगितलं नव्हतं. जिथं तो राहून आला होता तिथं दारात असंच करायचं असणार. त्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या पायताणाला आजवर असा कोणी हात लावला नव्हता. उषाबाईंची हिरवी चप्पल त्यानं चांगुणाबाईंच्या चपलेशेजारी नीट ठेवली, आणि उषाबाईंनी सरकून त्याला पुढं जागा केली.

मग तो आत आला, कमरेत वाकला, नव्या फरशीवर गुडघे मोडून बसला. त्याच्या हातानं मेणबत्ती लागली. वंदना झाली. त्याला शब्द येत नव्हते, पण हात जोडून तो शेवटपर्यंत बसला. खीर वाटली गेली. त्यानं वाटी निपटून खाल्ली, म्हणून आग्रहानं पुन्हा वाढली, तीही त्यानं निपटली, आणि हे बरंच चाललं. अखेर कडूबानं आपल्या कलेक्टरचा दाखला देऊन जपान आणि अमेरिका, दोन्ही सरकारांचे आभार मानले आणि कार्यक्रम संपला.

पण कोणी उठेना. पाहुणा बसलाय म्हणून लोक बसले होते. पाहुणा कोणाकडं तरी बघत होता. तातेरावांनी त्याची नजर धरली, आणि पाच दिवसांच्या अनुभवानं त्यांना लगेच उमगलं. तो त्यांच्याकडं बघत नव्हता. समोर बसलेल्या सगळ्यांत वयस्कर माणसाकडं, चांगुणाबाईंकडं बघत होता. त्या उठल्याशिवाय तो उठणार नव्हता. त्याच्या पायांना मुंग्या आल्या असाव्यात, कारण तो जरा वाकडा झाला होता. तरी बसलाच होता.

बाहेर संपत हॉर्न वाजवत होता. तातेराव वाकून आईच्या कानाशी गेले.

"माय, तू ऊठ. तू उठल्याबिगर तो उठत न्हाई. तिकडची रीतच हाय तशी. थोरल्याच्या आधी उठायचं नसतं."

चांगुणाबाईंनी पाहुण्याकडं बघितलं. पाहुण्यानं मान लववली. त्यांनी उषाबाईंकडं बघितलं, मग भरलेल्या विहाराकडं. मग त्यांनी मांडी सोडली, पाय लांब केले आणि भिंतीला आरामात टेकून बसल्या.

"न्हाई उठत," त्या म्हणाल्या. "जल्दी काय हाय? आजपस्तोर सरकारचा माणूस दिसला की मीच उठत आले. आज दोन-दोन सरकारांचा माणूस माझ्या उठायची वाट बघून राह्यलाय. बघू दे की जरा!"

तातेराव तिच्याशेजारी खाली बसले. सत्यशीलानं पाहुण्याला आणखी एक वाटी खीर वाढली.